मुलाचा निकाल त्याच्या पासवर्डने गुपचूप बघितला, आता त्याला सांगू की नको?

रिकामं_घरटं

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मुलगा फर्स्ट इयरला आहे, हॉस्टेलवर राहतो. ॲडमिशनचा फॉर्म मीच भरला होता, सगळे कागद स्कॅन करण्यापासून फोटोची साइज कमी करण्यापर्यंत सगळं मीच, त्यामुळे कॉलेजच्या पोर्टलचा पासवर्डही मीच ठेवलेला आणि तो अजून माझ्या फोनमध्ये सेव्ह आहे. गेले दोन आठवडे विचारतेय की निकाल लागला का, तर म्हणतो "नाही गं अजून, लागला की सांगतो". मंगळवारी सकाळी मला राहवलं नाही आणि मी लॉगिन केलं. निकाल लागून आठ दिवस झाले होते. पाचपैकी दोन विषय गेलेत. गणितात १०० पैकी १७. हजेरी ५८ टक्के. हा मुलगा शाळेत कायम पहिल्या दोनात असायचा हो, मला आधी वाटलं मी दुसऱ्याच कुणाचं तरी पान उघडलंय, नाव तीनदा वाचलं.

पोटात गोळा आलाय तेव्हापासून. मार्कांचं आहेच पण त्याहून जास्त लागलं ते खोटं बोलण्याचं. आणि दुसरीकडे मीही चोरासारखं त्याचं पान उघडलंच ना? फोनवर बोलणं म्हणजे "जेवलास का, हो. झोपलास का, हो. अभ्यास? चाललाय." एवढंच. परवा व्हिडिओ कॉल केला तर दुपारचे चार वाजलेले, खोलीचे पडदे ओढलेले, आणि साहेब नुकते उठलेले. गालावर उशीचा वळ तसाच.

ह्याच्या बाबांना अजून काही माहीत नाही. कळलं तर ते त्याच रात्री निघतील आणि तिथे जाऊन काय बोलतील याची मला कल्पना आहे. विभागप्रमुखांचा नंबर माझ्याकडे आहे, दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत कट केला.

तर प्रश्न असे की, मी बघितलंय हे त्याला सांगू का? बाबांना सांगू का? कॉलेजला फोन करावा का? आणि सगळ्यात मोठं म्हणजे हा नुसता आळस आहे की आत काहीतरी बिघडलंय, हे इतक्या लांबून ओळखायचं कसं?

---

हिशोबी_बाबा

ताई, मी सरळ बोलतो, राग मानू नका. फी तुम्ही भरता, हॉस्टेल तुम्ही भरता, मग निकाल बघायला चोरी कसली? आमच्या वेळी निकालाचं पत्र घरी यायचं आणि ते बापच फोडायचा. ५८ टक्के हजेरी म्हणजे शंभर तासांतले बेचाळीस तास पोरगा कुठे होता? हे विचारायचा हक्क आहे तुम्हाला. उगाच हळवं व्हायचं काम नाही.

पण एक सांगतो, नवऱ्यापासून लपवू नका. आज तुम्ही मुलाचं झाकलंत तर उद्या मुलगा तुमच्या जिवावर बापापासून झाकेल आणि घरात तीन माणसं तीन वेगवेगळ्या गोष्टी खऱ्या धरून चालतील. आमच्याकडे थोरल्याच्या वेळी हेच झालं, मला सगळ्यात शेवटी कळलं, तोवर वर्ष गेलेलं. माझा तेव्हाचा राग नापास झाल्याचा नव्हताच. सगळ्यांना माहीत होतं आणि मीच एकटा त्याच्या पुढच्या वर्षाचे हिशोब मांडत बसलो होतो, त्याचा होता.

---

मागचा_बाक

काकू, मी फायनल इयरला आहे आणि पहिल्या सेमिस्टरला माझे तीन गेले होते, म्हणजे तुमच्या मुलापेक्षा मी सिनिअरच. घरी वर्षभर सांगितलं नव्हतं. त्यामुळे त्या बाजूने काय वाटतं ते सांगू शकतो.

ओरडा बसेल म्हणून आम्ही खोटं बोलत नाही, ओरडा काय, दहा मिनिटांत संपतो. भीती वाटते ती फोनवर पलीकडे शांतता पसरेल त्याची. आई काहीच बोलत नाही आणि मग "बरं, काळजी घे" म्हणून ठेवते ना, ते झेपत नाही. म्हणून आज नको उद्या सांगू, उद्या नको रविवारी सांगू असं होतं आणि आठ दिवस गेले की मग निकालापेक्षा "इतके दिवस का नाही सांगितलंस" हेच मोठं होऊन बसतं, मग तर अजूनच नको वाटतं.

माझ्या आईलाही कुठून तरी कळलं होतं पण ती आडून आडून विचारायची. "तुझ्या त्या मित्राचं कसं गेलं रे?" "निकाल कधी म्हणालास?" मला कळत होतं की तिला कळलंय, तिलाही कळत होतं की मला कळलंय, आणि आम्ही दोघं सात-आठ महिने नाटक करत होतो. आयुष्यातला सगळ्यात दमवणारा काळ तो, अभ्यासाने एवढा कधी दमलो नाही. त्यामुळे प्लीज, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. "मी पोर्टल उघडून बघितलं, विचारून बघायला हवं होतं, चुकलं माझं" एवढं आधी बोला. तुमची चूक आधी कबूल केलीत की त्याची बाहेर यायला जागा होते.

आणि हो, एक टेक्निकल गोष्ट. आमच्या पोर्टलवर लॉगिन केलं की वरच्या कोपऱ्यात मागचं लॉगिन कधी झालं ती वेळ दिसते. तुमच्याकडेही असेल तर त्याला आधीच कळलं असण्याची शक्यता आहे 😅

चार वाजता उठण्याबद्दल पण बोलतो कारण त्याचाच जास्त इश्यू होतो. घरी असताना सकाळी उठवायला तुम्ही होतात, डबा होता, बस होती. इथे पहिल्या लेक्चरला नाही गेलं तर कुणी काहीच म्हणत नाही, पहिले दोन महिने तर भारी वाटतं, मग एक दिवस वर्गात जातो आणि फळ्यावर काय चाललंय ते ओ की ठो कळत नाही, मग लाज वाटते म्हणून दुसऱ्या दिवशी जात नाही, मग अजून कळत नाही. माझं बहुतेक सगळं ह्यातच बुडालं.

---

खडूफळा

बावीस वर्षं फर्स्ट इयरला शिकवतोय, त्यामुळे हा धागा दिसल्यावर राहवलं नाही.

पहिलं म्हणजे पहिल्या सेमिस्टरला एक-दोन विषय जाणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की आम्ही स्टाफरूममध्ये त्यावर चर्चासुद्धा करत नाही. शाळेत पहिला येणारा मुलगा अशा साठ जणांच्या वर्गात येऊन बसतो जिथे सगळेच आपापल्या शाळेत पहिले होते. हर्बर्ट मार्श नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात यावर बरंच काम केलं, लहान तळ्यातला मोठा मासा असं त्याला म्हणतात. मुलाची कुवत तीच असते, पण आजूबाजूचे सगळे हुशार निघाले की स्वतःबद्दलचं मत घसरतं. पूर्वी ज्याला "मला येतं" असं आपोआप वाटायचं तो आता हात वर करायला घाबरतो. मागच्या बाकावर सरकलेले हे चेहरे मला ऑगस्ट-सप्टेंबरातच ओळखू येतात.

विभागप्रमुखांना फोन करू नका. काय होतं ते आतल्या बाजूने सांगतो. पालकांचा फोन येतो, मी "हो हो, लक्ष घालतो" म्हणतो, मुलाला केबिनमध्ये बोलावतो. तो येतो, बुटांकडे बघत उभा राहतो, मी जे म्हणेन त्याला "हो सर" म्हणतो. आणि त्या दिवसापासून मी कॉरिडॉरमधून येताना दिसलो की तो जिन्याने वळतो. ज्या एका माणसाकडे त्याने अडलं तर यायला हवं होतं तोच माणूस त्याच्यासाठी बंद झाला. हेच मूल स्वतः येऊन "सर, पेपरात काय चुकलं ते बघायचंय" म्हणालं तर अर्धा तास कसा जातो कळत नाही.

आता कामाचं. १७ मार्क हा आकडा काही सांगत नाही. ते १७ कुठून आले हे बघायला हवं. अंतर्गत मूल्यमापन भरलंच नाही का, लेखी पेपर अर्धा कोरा ठेवला का, की सगळं लिहिलं आणि सगळं चुकलं? तिन्हीवर औषध वेगळं. बहुतेक ठिकाणी उत्तरपत्रिका बघायला मिळते, त्यासाठी अर्ज असतो आणि त्याला मुदत असते. तसंच पुनर्परीक्षेच्या फॉर्मलाही. तुमच्या सगळ्या काळजीत खरोखर घाईची गोष्ट असेल तर ती ही मुदत, बाकी सगळं चार दिवस थांबू शकतं. हजेरीच्या अटीचंही त्यालाच विचारू द्या, किती टक्क्यांखाली परीक्षेला बसू देत नाहीत ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

अभ्यासाबद्दल एक सांगतो कारण ही चूक हुशार मुलंच जास्त करतात. शाळेत पुस्तक चार वेळा वाचून भागायचं, इथे भागत नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी एक उतारा चार वेळा वाचला, काहींनी एकदाच वाचून मग तीन वेळा पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे "आपल्याला जास्त लक्षात राहील" असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. परीक्षेच्या आदल्या रात्री "सगळं झालंय" वाटतं आणि पेपर हातात आल्यावर डोकं कोरं, ते ह्याच्यामुळे. पण हे तुम्ही त्याला फोनवर सांगू नका बरं का, आईने सांगितलेली अभ्यासाची पद्धत या वयात कुणीही वापरत नाही. सिनिअरने सांगितली तर वापरतील.

---

हिशोबी_बाबा

सर, म्हणजे पालकांनी फक्त पैसे पाठवायचे आणि गप्प बसायचं?

---

खडूफळा

गप्प नाही हो. प्रश्न बदलायचा. "अभ्यास झाला का" याला "हो" शिवाय उत्तरच नाही, तो प्रश्नच तसा आहे. "ह्या आठवड्यात सगळ्यात बोअर लेक्चर कुठलं झालं?" असं विचारून बघा, पाच मिनिटं बोलेल. आणि अडचण सांगितली की लगेच उपाय नका देऊ. "मग काय करायचं ठरवतोयस?" एवढं विचारून पुढची दहा सेकंद गप्प बसायचं, ती दहा सेकंद फार जड जातात हे मान्य आहे. माझी स्वतःची मुलगी दुसऱ्या कॉलेजात आहे आणि तिच्याशी बोलताना मी यातलं निम्मंही पाळत नाही, बायको रोज आठवण करून देते.

---

दुसरी_खेप

तुमचा शेवटचा प्रश्न वाचून लिहितेय, आळस की आजार. माझी मोठी मुलगी सेकंड इयरला असताना आम्ही तो सहा महिने आळसच समजत होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

नुसत्या उशिरा उठण्याने घाबरू नका. या वयात शरीराचं घड्याळच उशिरा चालतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं, म्हणून मुलं रात्री टक्क जागी आणि सकाळी मेल्यासारखी. १८ ते २५ वयाला सात ते नऊ तास झोप लागते आणि पहाटे चारला झोपलेल्याची ती दुपारीच पुरी होणार. मी बघेन ते वेगळं. उठल्यावर तो मित्रांत जातो का? जे आवडायचं, खेळ असो, गाणं असो, गेमिंग का असेना, ते अजून आवडतंय का? माझी लेक चित्रं काढायची. ती घरी आली तेव्हा रंगांची पेटी उघडून बघितली तर ट्यूबची तोंडं वाळून घट्ट बसलेली, चिमट्याने पिळून पण निघेनात. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी टिकटिकलं. मार्क तर तिचे तोवर ठीकच होते!

खाणं एकदम कमी किंवा एकदम जास्त, अंघोळ-कपडे सुटणं, चिडचिड, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असली वाक्यं, आणि हे सगळं दोन आठवड्यांच्या वर टिकलं तर डॉक्टर. डिप्रेशन, ॲन्झायटी असं काही असेल तर ते बऱ्याचदा ह्या वयापर्यंत डोकं वर काढतं. अमेरिकेत २००५ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली होती, त्यात ज्यांना आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार झाला अशा चारपैकी तिघांची सुरुवात वयाच्या २४ च्या आत झालेली होती. आमच्या डॉक्टरांनीच हे सांगितलं होतं, तेव्हा मला उलट बरं वाटलं, म्हणजे मी काहीतरी चुकीचं वाढवलं म्हणून नव्हे तर ते वयच तसं असतं.

आणि एक अवघड गोष्ट. जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का, हे शंका आली तर सरळ, याच शब्दांत विचारायचं. मला वाटायचं विचारलं तर डोक्यात भरवल्यासारखं होईल. तसं होत नाही. विचारल्याने तो विचार वाढत नाही, झालाच तर मोकळं व्हायला वाट मिळते. माझ्या लेकीने "हो, येतात असे विचार" असं शांतपणे सांगितलं आणि मग अर्धा तास रडली. त्या दिवसापासून ट्रीटमेंट सुरू झाली, आता ती नोकरी करते, चित्रंही काढते.

खडूफळा सर म्हणतात फोन करू नका, मार्कांसाठी अगदी मान्य. पण वरच्यासारखं उत्तर आलं तर मग प्रायव्हसी वगैरे काही नाही, वॉर्डन, मित्र, हेल्पलाइन, जो हाताला लागेल त्याला फोन करायचा आणि निघायचं. रूममेटचा नंबर तुमच्याकडे आहे का? नसेल तर मुलाला सांगून, त्याच्या देखत घ्या. गुपचूप नको, एकदा गुपचूप करून झालंय तुमचं 🙂

---

रिकामं_घरटं

सगळ्यांचे खूप आभार, काय झालं ते सांगते.

आधी ह्यांना सांगितलं. हिशोबी बाबा, तुमचा तो "एकटाच हिशोब मांडत बसलो होतो" वाला भाग मोबाईलवर तसाच वाचून दाखवला. पाच मिनिटं येरझाऱ्या घातल्या आणि मग म्हणाले, "मी पण सेकंड इयरला एकदा गटांगळी खाल्ली होती." लग्नाला एकवीस वर्षं झाली, मला हे आज कळतंय!! सासूबाईंना तर अजूनही माहीत नाही म्हणे.

मग रात्री फोन लावला. मी तयारी करून बसले होते, कागदावर वाक्यं लिहून. "मी तुझं पोर्टल..." एवढंच म्हणाले आणि तो म्हणतो, "मंगळवारी सकाळी सव्वासहाला. माहितीये मला." मागचा_बाक, तुझं बरोबर निघालं. म्हणाला, "आई, सव्वासहाला मी आयुष्यात कधी लॉगिन केलं नाहीये, तूच असणार." म्हणजे तो मंगळवारपासून माझ्या फोनची वाट बघत होता आणि मी इथे प्रश्न टाइप करत होते. दोघंही हसलो आणि मग तो एकदम गप्प झाला आणि नाक ओढल्याचा आवाज आला.

मी ते दहा सेकंद थांबले. सर, खरंच जड जातात.

मग बराच बोलला. गणिताच्या पहिल्या चाचणीत शून्य पडलं होतं, सरांनी पेपर वाटताना मार्क मोठ्याने वाचले, तेव्हापासून त्या तासाला गेलाच नाही. एक तास बुडवला तर पुढचा त्याला जोडून, असं करत सकाळचे सगळेच गेले. मित्र आहेत, रोज संध्याकाळी बॅडमिंटन खेळतो, दुसरी_खेप ताई, ते मुद्दाम विचारलं. तुम्ही सांगितलेला तो अवघड प्रश्नही विचारला, माझाच आवाज कापत होता. म्हणाला, "नाही गं, तसलं काही नाही. पण विचारलंस ते बरं वाटलं." रूममेटचा नंबर त्यानेच पाठवला, वर त्याच्या बाजूला "हा माझ्यापेक्षा उशिरा उठतो" असं लिहून.

"मग काय करायचं ठरवतोयस" विचारलं तर म्हणाला माहीत नाही. दोन दिवसांनी मेसेज आला, गणिताच्या सरांकडे नाही गेला, दुसऱ्या एका मॅडम आहेत त्यांच्याकडे गेला, उत्तरपत्रिकेचा अर्ज केलाय. अर्धा पेपर कोरा होता हे तो आधीच बोलला. ह्यांनी फोनवर फक्त एवढंच म्हटलं की "माझे मार्क तुझ्यापेक्षा कमी होते", आणि फोन माझ्या हातात देऊन बाल्कनीत गेले.

पोर्टलचा पासवर्ड त्याने बदललाय. जरा लागलं मनाला. पण ठीक आहे.

---

मागचा_बाक

काकू भारी!! सव्वासहा 😂😂 त्याला म्हणावं गणिताला सिनिअरच्या नोट्स घे आणि पुस्तक मिटून सोडव, सरांनी नाही, मी सांगितलंय म्हणून सांग.

---

हिशोबी_बाबा

चांगलं झालं ताई. पुनर्परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख लिहून ठेवलीत ना पण?

---

रिकामं_घरटं

त्याने लिहिलीय म्हणे. मला काही सांगितली नाही.